खर्डेकाका

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांचं खरं आडनाव फक्त पोस्टमनला आणि वीजबिलाला ठाऊक आहे. बाकी सगळे त्यांना खर्डेकाका म्हणतात. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना वाटतं, या घरात मिरचीचा खर्डा झकास होत असणार. तसं काही नाही. काका कथेचा खर्डा करतात. कच्चा. गेली चाळीस वर्षं.

प्रत्येक गावात, निदान प्रत्येक वाचनालयात, असा एक माणूस असतोच. त्याला लेखक म्हणता येत नाही, कारण लेखक लिहून मोकळा होतो. हा सुधारतो. लेखन सुधारायचं कसं, यावर तो तासभर बोलेल. मात्र 'तुमचं काय छापून आलंय?' असं विचारलंत, तर त्याला एकदम दूध आणायचं आठवतं.

काकांची नोकरी सरकारी कचेरीत. चौतीस वर्षं इमानेइतबारे खर्डेघाशी केली. पण आपण मुळात साहित्यिक, हे ते कधी विसरले नाहीत. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं आणि काकांना पहिली कथा सुचली १९८३ साली. या चुकामुकीचं दुःख ते अजून सांगतात. "श्री. पु. भागवत, राम पटवर्धन! लेखकाला पत्रं लिहून लिहून कथा घडवून घ्यायचे. मला एक पत्र आलं असतं ना..." असं म्हणून ते खिडकीबाहेर बघतात. ज्या मासिकाला कथा पाठवलीच नाही, त्याचं पत्र येणार कसं, हे विचारण्याचा निर्दयपणा माझ्याच्याने झालेला नाही.

कथा तशी साधी आहे. सुमन नावाची वीस वर्षांची मुलगी एसटी स्टँडवर उभी आहे. गाडी येते. चढायचं की घरी परतायचं, हे तिला ठरवायचं आहे. संपली कथा. पण गाडी काही येत नाही, कारण काका अजून पहिल्या परिच्छेदातली संध्याकाळ सुधारताहेत. सुमन उभी राहिली तेव्हा लाल डबा होता आणि कंडक्टर पंचची टिकटिक करत तिकीट द्यायचा. मग तिकिटाचं मशीन आलं, काकांनी पंच खोडला. शिवशाही आली, तेव्हा सुमनला थंड हवा मिळाली. विजेवरची शिवाई आली, तेव्हा डिझेलचा वास काढावा लागला, आणि त्या वासावर तर सुमनच्या बालपणाची आठवण टांगलेली होती. २०२३ साली बायकांना अर्धं तिकीट झालं आणि सुमनच्या मुठीतले सुटे पैसे निम्मे करावे लागले. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, आणखी थोडी थांबवा तिला. पंचाहत्तरी झाली की फुकट जाईल."

काकांची खरी अडचण वेगळीच आहे. सुमन भावुक झाली, की तिच्या अंगात कचेरी संचारते. एका खर्ड्यात वाक्य होतं, 'तिच्या नेत्रांतून अश्रू ओघळत असल्याचे निदर्शनास आले.' कोणाच्या निदर्शनास आले, अश्रूंची नोंद कोणत्या वहीत झाली, हे कळत नाही. नायकाचं पत्र तर 'आपल्या दिनांक ७ च्या होकारास अनुसरून' असं सुरू होतं. मी म्हटलं, "काका, हे जरा सरकारी वाटतंय." त्यांनी दुसऱ्या दिवशी सुधारून आणलं. 'अनुसरून'च्या जागी 'अन्वये' झालं होतं.

सुधारणेची साधनं मात्र अव्वल. अप्पा बळवंत चौकातल्या एकाही पुस्तकवाल्याला त्यांनी सोडलेलं नाही. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' तीन रंगांच्या शाईत अधोरेखित आहे. अधोरेखित नसलेली ओळ शोधावी लागते. शर्टाच्या खिशात अरुण फडक्यांची 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही पुस्तिका असते, आणि हा सल्ला शब्दशः पाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली आणखी चार, हे त्यांना तोंडपाठ. "एकूण अठरा," ते बोट वर करून सांगतात, "गीतेचे अध्याय किती?"

मध्यंतरी ते एका कथालेखन कार्यशाळेला जाऊन आले. तिथे सांगितलं, 'भावना सांगू नका, दाखवा.' सल्ला सोन्यासारखा. काकांनी घरी येऊन 'आईला राग आला' खोडलं आणि 'आईने पातेलं आपटलं' असं केलं. वाचून मला खरंच बरं वाटलं. मग त्यांना चटक लागली. वडिलांना चिंता वाटली, त्यांनी तांब्या आपटला. आत्याला आनंद झाला, तिने परात आपटली. सहा पानांच्या कथेत एकोणीस भांडी पडली. तुळशीबागेत भांड्यांच्या गल्लीतून चालल्यासारखं झालं, आणि एवढ्या आवाजात सुमनची एसटी येऊन गेली असती तरी कोणाला ऐकू आली नसती.

पुढचा सल्ला होता, 'लिहिलेलं मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य बिघडलंय असं समजा.' हाही खरा. पण मोठ्याने वाचायचं ते एकट्याने, हे कार्यशाळेत सांगायचं राहून गेलं असावं. "अरे, तुला पाच मिनिटं आहेत ना?" असं म्हणत काका जिन्यात गाठतात. आमच्याकडे लिफ्टमध्ये काका दिसले की माणसं जिन्याने जातात आणि जिन्यात काका दिसले की लिफ्टकडे वळतात. सोसायटीची तब्येत सुधारली आहे, ती अशी.

मग नातवाने त्यांना ब्लॉग काढून दिला. काका त्याला अनुदिनी म्हणतात, पण दिनी म्हणावं असं तिच्यावर काही घडत नाही. नातू म्हणाला, "आजोबा, मथळा असा हवा की माणसाने वाचलंच पाहिजे." आठवडाभर विचार करून काकांनी सुमनच्या कथेला मथळा दिला, 'एसटी न मिळण्याची सात कारणे, पाचवे वाचून डोळे पाणावतील!' तीन जणांनी वाचलं. तिघांनीही खाली विचारलं, आरक्षण कुठे मिळेल.

एकदा धीर करून मी म्हटलं, "काका, साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात केली, १३ तारखेला पहाटे पुरी. पाच दिवस!" काका गंभीर झाले. "तुरुंगात शांतता असते रे," ते म्हणाले. "इथे वरच्या मजल्यावर मिक्सर." काकू आतून म्हणाल्या, "चौकशी करते. जागा असेल तर बघू."

'मनोरंजन'ने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून झालेल्या दिवाळ्यांपैकी चाळीसेक दिवाळ्या काका खर्डा हातात घेऊन तयार होते; कथा कुठल्याच अंकात पोचली नाही. गेल्या वर्षी सोसायटीने स्वतःचाच अंक काढायचं ठरवलं आणि संपादक मला केलं. गणपतीपर्यंत मजकूर द्या, असं मी काकांना सांगितलं. नवरात्र आलं तरी सुमन स्टँडवरच.

त्याच सुमारास गच्चीवरची टाकी धुतली. काका पाणी समितीवर आहेत. टाकीवाला पैशांसाठी दारात उभा, गॅसवर दूध, आणि फलकावर सूचना तर लावायला हवी. काकांनी हातात आलेल्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर उभ्या उभ्या लिहिलं:

'टाकी धुतली. तळाशी एक चप्पल निघाली. डाव्या पायाची. जिची असेल तिने न्यावी. तिचा चहा आपण सगळ्यांनी प्यायला आहे.'

संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी फलकापाशी येऊन गेली. लोकांनी फोटो काढले. शेजारच्या इमारतीतून माणसं वाचायला आली. पहिल्या दोन शब्दांत टाकी धुऊन झालेली, सजावटीचं विशेषण शोधून सापडत नाही, कोणाला राग आला की शिसारी हे सांगितलेलं नाही आणि तरी वाचणाऱ्याच्या पोटात ढवळतंय. चाळीस वर्षं जे जे शिकले, ते सगळं त्या कागदावर होतं, कारण ते आठवायला काकांना वेळ मिळाला नव्हता.

मी म्हटलं, "काका, हेच अंकात छापतो." काका दचकले. "छे छे, तो नुसता खर्डा आहे. दोन दिवस दे, सुधारून देतो." दोन आठवड्यांनी चार पानं आली. सुरुवातीला गच्चीवर सूर्य मावळत होता. मग 'जलकुंभाच्या स्वच्छतेप्रसंगी एक पादत्राण निदर्शनास आले.' तिसऱ्या पानावर कोणीतरी बादली आपटली.

मी फलकावरचाच मजकूर छापला. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. काल जिन्यात भेटले, खिशातली पुस्तिका काढली आणि म्हणाले, "'न्यावी'च्या पुढे पूर्णविराम आहे. तिथे अर्धविराम हवा होता. एवढं तरी मला विचारायचंस."

चप्पल मात्र सूचना लागली त्याच रात्री कोणीतरी गुपचूप नेली होती.