पेज आणि फळा

तसा मी निरुपद्रवी माणूस. पण सिडकोतल्या आमच्या छोट्याशा वाचक मंडळाच्या बैठकीत, चहा संपला तरी विषय संपेनात तेव्हा, "मंडळाचं फेसबुक पेज हवं" असं माझ्याच तोंडून निघालं, आणि ज्याच्या तोंडून निघतं त्याच्याच गळ्यात पडतं हा मंडळाचा जुना नियम मी विसरलो.

पेज झालं. सातशे लाइक जमले. त्यात माझे साडू, साडूंचे मेहुणे आणि लातूरचा एक पंक्चरवालाही होता. मग व्याख्यान ठरलं, 'नहर-ए-अंबरी'वर. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर आपल्या शहरात खेळवलं, त्याची गोष्ट. पोस्ट टाकली, ऐंशी खुर्च्या आणि शंभर बटाटेवडे सांगितले आणि निवांत झालो.

पोस्ट दिसली चोवीस जणांना.

भाचा म्हणाला, "मामा, फेसबुकनं जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलंय, आधी घरचे नि मित्र, मग संस्थांची पेजेस. पैसे भरून बूस्ट करा." तेव्हा रात्री अकरा वाजता, चष्मा सापडेना म्हणून तसेच, मी पाचशे रुपये भरले, गावाच्या रकान्यात जुन्या सवयीनं 'औरंगाबाद' लिहिलं, यादीत जे पहिलं आलं त्यावर बोट टेकवलं आणि गाढ झोपलो. सकाळी दोनशे लाइक! बायकोला उठवून दाखवले. तिनं शांतपणे कमेंट वाचली, "भैया, ये सिडको किधर पड़ता है?"

बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे.

रविवारी वक्ते, मी, माइकवाला आणि शंभर वडे एवढेच हजर होतो. आठवडाभर घरात वड्यांचा रस्सा झाला. सोमवारी तळमजल्यावरचे काका जिन्यात भेटले, "अहो, सांगायचं तरी!" मलिक अंबरचं पाणी डोंगरापासून शहरात पोचलं; माझा निरोप पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरला नाही.

पुढच्या खेपेला बायकोनं भिशीत सांगितलं, पेपरवाल्यानं अंकात चिठ्ठ्या घातल्या आणि मी मंडळाच्या दारातल्या फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहिल्या, त्यातही 'व्याख्यान' चुकवून. बासष्ट माणसं आली. वडे कमी पडले. मला तर मिळालाच नाही.

पेज अजून आहे. पुढच्या व्याख्यानाची चौकशी करणारा तिथं एकच निष्ठावंत उरलाय, बिहारचा. तुम्ही आपले येता-जाता फळा वाचत जा.