नुसता रिपोर्टवाले काका

पुण्यातल्या कुठल्याही फिजिशियनच्या संध्याकाळच्या ओपीडीत हे काका हमखास भेटतात. साडेसहाची वेळ दिली, तर सहालाच येतात, नाहीतर पावणेआठला. "मला तपासून घ्यायचंच नाहीये हो, नुसता रिपोर्ट दाखवायचाय. दोन मिनिटं!"

काउंटरवरच्या मॅडम वही बघून सातवा नंबर सांगतात. काका बसत नाहीत. बसलेल्या माणसाला लोक विसरतात, असं त्यांचं ठाम मत. ते केबिनच्या दाराशी, दार उघडलं की डॉक्टरांना दिसू अशा बेतानं उभे राहतात आणि दर पेशंटमागे एक नमस्कार आत सोडतात. मधेच औषध कंपनीचा बॅगवाला एमआर आत गेला, की काकांचं बीपी वाढायला दुसरं कारण लागत नाही.

रिपोर्ट असतो एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. आमरसाच्या अख्ख्या सीझनभर निवांत वाढलेली साखर आता पाऊण तास थांबायला तयार नसते!

मॅडमनी सगळे उपाय करून पाहिलेत. फोनवर वेळ दिली, तर "मग आत का सोडत नाही?" नंबर दिला, तर "मी लांबून आलोय." (राहतात मागच्या गल्लीत.) तापानं फणफणलेलं बाळ आधी आत सोडलं, तर काका मोठ्या मनानं मान डोलावतात, आणि त्या मोबदल्यात आपण आता सहावे झालो असं धरून चालतात.

अखेर नंबर लागतो. रिपोर्ट खरोखरच दोन मिनिटांत बघून होतो. मग गुडघा निघतो. मग अमेरिकेतल्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली शंका. मग "आलोच आहोत तर हिचंही बीपी बघता का?" म्हणून वहीत नाव नसलेल्या काकूंना आत बोलावणं. बाहेर आठव्या नंबरच्या आजी मॅडमना बोलून घेतात. डॉक्टरांना कोण बोलणार?

एवढं झाल्यावर काका उठतात, चपला शोधतात आणि दाराची कडी धरून सहज म्हणतात, "तसं विशेष काही नाही, पण हल्ली जिना चढताना छातीत भरून येतं."

डॉक्टर त्यांना परत बसवतात आणि ईसीजी काढायला घेतात. हेच काकांनी आल्या आल्या काउंटरवर सांगितलं असतं, तर मॅडमनी सातवा नंबर खोडून त्यांना सगळ्यांच्या आधी आत पाठवलं असतं.