आधी जाऊन आलेला

सह्याद्रीत शनिवार-रविवार भटकणाऱ्या प्रत्येक गटात एक माणूस सगळ्यांच्या आधी जाऊन आलेला असतो. त्याला रेकीवाला म्हणतात. पुढच्या काही महिन्यांत तीसेक जणांना एखाद्या घळीतून कोकणात उतरवायचं ठरलं, की हा दोन दोस्त घेऊन एका रविवारी ती घळ बघून येतो आणि सोमवारी सकाळी ग्रुपवर अहवाल टाकतो : 'होतंय. मजा येईल.' सगळे अंगठे दाखवतात, पैसे जमा होतात, बस ठरते. या माणसाच्या पायांबद्दल, छातीबद्दल आणि दोस्तीबद्दल मला आदर आहे. माझी शंका त्याच्या नेमणुकीबद्दल आहे. घळ आधी बघायची ती तिथे माणसं नेऊ नयेत असं काही आहे का, हे कळावं म्हणून. आणि या कामावर आपण अशा माणसाला धाडतो, जो घरून निघतानाच होकार सॅकमध्ये भरून निघालेला असतो.

त्याची निवडच बघा. भंडारदऱ्याच्या पलीकडे, रतनगडाच्या शेजारी साम्रद गाव आहे आणि गावालगत सांदण दरी. दोन्ही अंगांना दोन-तीनशे फुटांच्या कातळभिंती, मधे काही ठिकाणी दोघांनी शेजारी चालणं मुश्कील, तळाला घरंगळून आलेले धोंडे. वाटेत पाण्याचे डोह लागतात. तिथे ऊन जेमतेम दुपारचं डोकावतं, त्यामुळे जानेवारीत त्यात पाय घातला की माणसाला कुलदैवत आठवतं. पुढे दोराशिवाय उतरता न येणारे टप्पे, मग खाली डेहणे आणि करोली घाटाने परत वर साम्रद. एवढं सगळं असूनही सांदण रेकीवाल्याला पसंत नाही. तिथे आता तंबू लागतात, पिठलं-भाकरी मिळते, वाट चुकायची सोय उरलेली नाही. जिथे चहा मिळतो तिथे रेकी होत नाही, हा त्याचा पहिला सिद्धांत. म्हणून तो सांदणच्या आसपास कोकणाकडे तोंड करून बसलेली एखादी बिननावाची घळ शोधतो. म्हणजे गटाला सोयीची वाट शोधायला निघालेला माणूस पहिल्या पावलालाच गैरसोयीची वाट निवडतो, आणि याबद्दल त्याला आजवर कुणी हटकल्याचं ऐकिवात नाही.

घळीच्या तोंडाशी ओढा आडवा येतो. इथे तो अगदी शिस्तीत वागतो. बूट काढत नाही, कारण अनवाणी पाय शेवाळावर आधी घसरतो. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवतो, म्हणजे पडलाच तर सॅक झटकता येईल. प्रवाहाकडे तोंड करून, काठी पुढे रोवून, एकेक पाऊल तिरका सरकतो. सगळं बरोबर. पलीकडे पोचला की वहीत नोंद करतो : 'पाणी गुडघाभर.' कोणाच्या गुडघाभर? हा स्वतः सहा फुटी. येणाऱ्यांत पाच फुटांच्या काकू असतात, त्यांच्या हिशेबात हेच पाणी मांडीला लागतं, आणि वाहत्या पाण्यात तेवढ्या फरकाने पाय उचलला जातो. शिवाय ही नोंद फेब्रुवारीतली आणि ट्रेक 'पहिल्या पावसानंतर, हिरवळीत' ठरलेला.

आता त्याच्या डोक्यावर बघा. हात वर केला तरी पोचणार नाही अशा उंचीवर, कपारीत कारवीची काटकं, वाळलेलं गवत आणि वेफर्सचं एक रिकामं पाकीट अडकलेलं असतं. ते तिथे कुणी चढून ठेवलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं, याची ती घळीने स्वतःच्या हाताने केलेली नोंद असते. काळ्या कातळाच्या उभ्या उतारावर पाणी मुरायला फारशी जागा नसते. घाटमाथ्यावर सर कोसळली की चारी बाजूंचं पाणी त्या एका चिरेत उतरतं, आणि खाली चालणाऱ्यांच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकतं. रेकीवाला नेमका त्या पाकिटाखाली उभा राहून फोटो काढून घेतो. फोटोत पाकीट स्वच्छ दिसतं. त्यावर चौदा जण 'कडक!' लिहितात.

वेळेचा हिशेबही असाच. अवघड टप्प्यावर दोर लावून तिघे अर्ध्या तासात खाली येतात, म्हणून अहवालात तो टप्पा अर्ध्या तासाचा. तीस माणसं एकाच दोरावरून उतरवायची, तर माणशी दहा मिनिटं धरली तरी पाच तास होतात. त्यात हार्नेसच्या बकलाशी भांडणारे आणि कड्याच्या काठावरून घरी फोन लावू पाहणारे धरलेले नाहीत. हा भागाकार-गुणाकार चौथीतला आहे. पण रेकीवाला इंजिनिअर असतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो : मग पाठवू नये का कुणाला? घरी बसून नकाशे बघावेत? नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. म्हणजे पन्नास फुटांचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत सुखाने राहू शकतो. उपग्रहाच्या चित्रात घळीचा तळ म्हणजे नुसती सावली. फोनवरच्या जीपीएसला दोन भिंतींच्या मधून पुरेसं आकाश दिसत नाही, त्यामुळे रेकीवाल्याने पाठवलेल्या ट्रॅकमध्ये तो दोनदा कातळाच्या आरपार गेलेला असतो. तेव्हा कुणीतरी पायाने जाऊन आलंच पाहिजे. वाद फक्त कुणी, एवढाच आहे.

दुसरे म्हणतात, गावातल्या मामांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. खरं आहे, आणि रेकीवाला विचारतोही. 'मामा, खाली वाट जाते ना?' मामा म्हणतात, 'जाती की.' मामा खोटं बोलत नाहीत. ते मध काढायला, चुकलेलं जनावर शोधायला तिथून गेलेले असतात. 'तीस जण जातील का, त्यातल्या एकाचे बूट परवाच घेतलेले आहेत' हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो. उलट मामा जेव्हा आपणहून म्हणतात, 'पावसाचं मात्र नका जाऊ बाबांनो', तेव्हा रेकीवाला मान डोलावतो आणि वहीत लिहितो : स्थानिकांचा उत्तम प्रतिसाद.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. काही रेकीवाले अर्ध्यातून परत येतात, मग त्यांना होकारवीर कसं म्हणायचं? पण परतल्यावर ते काय बोलतात ते ऐका. 'थोडक्यात राहिलं. दोर कमी पडला.' घळ नको होती असं नाही. दोर अपुरा होता. पुढच्या रविवारी मोठा दोर घेऊन तो पुन्हा हजर. त्याचा नकार हा होकाराचाच पहिला हप्ता असतो.

माझ्या मते रेकीला लायक माणूस प्रत्येक गटात आधीपासूनच असतो. पन्नाशी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले, प्रत्येक धोंड्यावर बसून उतरणारे ते गृहस्थ. त्यांना निसरडी जागा आपल्या आधी कळते. कुठे बसता येईल, मधूनच बाहेर पडायला वाट आहे का, शेवटची एसटी किती वाजता, हे प्रश्न त्यांना आपोआप सुचतात, कारण उत्तरांशी त्यांचं देणंघेणं असतं. त्यांचा गुडघा त्या तीस जणांतल्या निम्म्यांचा प्रतिनिधी आहे. त्यांना पाठवावं असा विषय निघाला, की आयोजकांचं उत्तर तयार असतं : काकांना नेलं तर नुसत्या रेकीलाच दोन दिवस लागतील. मग रेकीवाला वही मिटतो आणि ट्रेकची वेळ जाहीर होते : सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दुपारचा डबा स्वतःचा.