किती नंबरवर हाये?

चहाच्या टपरीवर उभा असताना मागं आपल्याच मोटरसायकलची सीट कुणी दोन्ही हातांनी दाबत असल्याचा आवाज आला, तर मारेगावात मी वळूनसुद्धा बघत नाही. चोर नसतो. चोराला गाडी हवी असते, याला फक्त तिचं बूड दाबून सोडायचं असतं आणि ते कितव्या उसळीला थांबतं ते मोजायचं असतं. मग खांद्यावर हात पडतो.

"सर, किती नंबरवर हाये?"

तुमच्याही गावात हा असणारच. आमच्याकडे याला शॉकअपभौ म्हणतात. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक कडी असते, पाच खाचांची. ती हूक पान्यानं फिरवायची. 1994 साली स्प्लेंडर आली तेव्हापासून अर्धं गाव तिच्यावर बसलंय, आणि माझ्यासकट बहुतेकांनी ती कडी जन्मात फिरवलेली नाही. शॉकअपभौच्या लेखी हे पाप. इकडे लोक खिशात खर्र्याची पुडी ठेवतात, हा हूक पाना ठेवतो.

एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती. नवरदेवाला मिळालेली नवी गाडी मांडवाबाहेर हार घालून उभी होती. अक्षता पडल्या तेव्हा सगळे वर बघत होते आणि हा झब्ब्यासकट गाडीच्या मागच्या चाकाशी मांडी घालून बसला होता. "नवरदेव साठ, नवरी पन्नास. कंपनीनं दोनवर देल्ली, काय कामाची? तीनवर घेतली." वधूपित्यानं नमस्कार केला, तर यानं विचारलं, "अन् तुमची किती नंबरवर हाये?"

मी नववीला विज्ञान शिकवतो. एकदा मी मोठ्या विश्वासानं म्हणालो, पाचवर केली की स्प्रिंग कडक होते. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी नापास पोराकडे बघतो. "काऊन बाप्पा सर, तुमीच असं म्हणता? स्प्रिंग तेवढीच राह्यते. आपण तिले फक्त आधीच दाबून ठेवतो. म्हणून वजन पडलं की गाडी कमी बसते." अगदी बरोबर होतं. रॉबर्ट हूकनं 1678 साली छापलेला स्प्रिंगचा नियम फळ्यावर लिहिणारा मी, आणि हूक पाना याच्या खिशात.

तसा त्याचा फार दोष नाही. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, आणि तिच्यावर अंथरलेला रस्ता तिच्यासोबत उठतो-बसतो. वणीच्या बाजूला कोळशाचे ट्रक आहेतच. अशा रस्त्यावर सीटमागं खताची पोती बांधून माणूस शेतात जातो. 2018 मध्ये युरियाचं पोतं 50 किलोवरून 45 किलोचं झालं, तेव्हा टपरीवर सगळे भावाचा हिशेब करत होते. हा एकटा खूश. "दोन पोत्यांत दहा किलो गेले! आता पाचची गरज नाई, चारवर भागते."

त्याचं स्वतःचं भागत नव्हतं. साध्या शॉकअपमधलं तेल सततच्या दणक्यांनी तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि गाडी बदकासारखी डोलू लागते. दाबाखाली नायट्रोजन भरलेल्यात तसा फेस होत नाही. हे त्यानं मला रस्त्यात अडवून चार वेळा समजावलं आणि मग कुठून तरी एक गॅसवाली जोडी आणून आपल्या गाडीला बसवली. ती इंचभर लांब निघाली. गाडीचं ढुंगण वर, नाक खाली. रात्री हेडलाइटचा उजेड पुढच्या चाकासमोरच सांडायचा. साइड स्टँड पुरेना, म्हणून तो फळीचा एक तुकडा कॅरियरला बांधून हिंडू लागला. पाय टेकेनात, म्हणून थांबायच्या आधी मैलाचा दगड शोधायचा. बायको दोनदा बसली, दोन्ही वेळा घसरत त्याच्या पाठीवर आली आणि तिसऱ्यांदा एसटीनं माहेरी गेली. "पण सर," तो म्हणाला, "खड्डा समजतच नाई." समजणार कसा, दिसतच नव्हता.

माझ्या आईला मात्र तो आवडायचा. दर पंधरा दिवसांनी मी तिला माझ्या गाडीवर बसवून वणीला दवाखान्यात न्यायचो. तिला मणक्याचा त्रास. आदल्या संध्याकाळी हा न बोलावता यायचा, अंगणात बसून कडी फिरवायचा. "काकूले दोन पुरे." आई त्याला पोह्यांची बशी द्यायची आणि म्हणायची, याचा नंबर तपासा कोणीतरी.

एकदा वणीहून परतलो तर तो नाक्यावर उभा. नेहमीचा प्रश्न नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, काकूचं वजन उतरलं का हो? मडगार्ड अन् टायरमधी गव्हाच्या दाण्याएवढं अंतर वाढून राह्यलं." मी चिडलो. माणसं बघावीत, मडगार्ड काय बघतोस, असं काहीतरी बोललोही. पुढच्या खेपेला दवाखान्यात काटा पाहिला. दोन महिन्यांत सात किलो. रोज एका पंगतीत जेवणाऱ्या आम्हा चौघांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मग यवतमाळ, मग नागपूर. शेवटी शेवटी तिला गाडीवर बसवेना.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तो आला. ओसरीवर माणसं बसली होती, कोणी काही बोलत होतं, कोणी नव्हतं. हा आत आलाच नाही. अंगणात माझ्या गाडीजवळ उकिडवा बसला, खिशातून पाना काढला. डावीकडे एकदा कट्‌ वाजलं, उजवीकडे एकदा. हात पँटला पुसले, आलेला चहा उभ्यानंच घेतला. कितीवर ठेवली ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

जाताना सीट दोन्ही हातांनी दाबली आणि सोडली. गाडी वर आली, थांबली. तो फळीचा तुकडा उचलून निघून गेला.