फायरमन अण्णा

भुसावळात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसालाच लागतो. यातल्या बहुतेकांनी पेन्शन, पास आणि गुडघे या तीन विषयांवर उरलेलं आयुष्य काढायचं ठरवलेलं असतं. आमचे अण्णा मात्र अजून ड्यूटीवर आहेत. निवृत्त झाले विजेच्या इंजिनावरून, मेल ड्रायव्हर म्हणून. पण ओळख करून देतात ती 'फायरमन' अशी. ड्रायव्हर काय, बसून बसून कोणीही होतो, हे त्यांचं मत. शेजारच्या बंगल्यांवर 'मातृछाया', 'श्रमसाफल्य' अशा पाट्या आहेत; अण्णांच्या दारावर 'लाइन क्लिअर'. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, 'श्रमसाफल्य'च्या बाजूच्या होत्या. "पण श्रम कुणाचे?" असा मुद्दा अण्णांनी काढला. कोळशाने माखलेले कपडे इतकी वर्षं कोणी धुतले याचा हिशोब माई मांडायला लागल्या, तेव्हा कुठे घाईघाईने दुसरी पाटी रंगवायला गेली.

अण्णांशी बोलताना एक अडचण आहे. कोळशाच्या इंजिनाबद्दल चांगलं बोललात तर ते अंगावर येतात, आणि वाईट बोललात तरी येतात. स्तुती आणि निंदा या दोन्हींचा मक्ता त्यांच्याकडे. तुम्ही फावडं हातात धरलेलं नाही, तेव्हा तुम्ही ऐकायचं.

मागे पुण्याहून एक तरुण आला होता. जुन्या इंजिनांचे फोटो जमवणारा, गळ्यात महागडा कॅमेरा. चहा घेता घेता म्हणाला, "काका, काय काळ असेल तो! तो धूर, ती शिट्टी... एक कविताच होती हो."

अण्णांनी कप खाली ठेवला. अण्णांचा कप खाली गेला की माई आत जाऊन कुकर लावतात. अर्धा तास मोकळा मिळणार हे त्यांना माहीत असतं.

"धूर कुणी खाल्ला?" अण्णांनी विचारलं.

मग मे महिना आला, नांदगावच्या पुढचा माळ आला, बाहेरचं ऊन आणि समोर भट्टीचं उघडं दार. इंजिनावर माणसं तीन, एक ड्रायव्हर आणि दोन फायरमन. अण्णांनी समोरची फरसाणाची बशी ओढली आणि चमचा उचलला. बशी म्हणजे भट्टी, चमचा म्हणजे फावडं. "मागचे दोन कोपरे आधी. मग भिंतीच्या कडा. दाराखाली जाड थर, पुढे पातळ. नुसता ओतायचा नाही, मनगटाला हिसका द्यायचा, असा!" शेव तरुणाच्या शर्टावर. "मध्ये ढीग झाला की आग गुदमरली. आग गुदमरली की वाफ पडली, वाफ पडली की गाडी चढावर उभी आणि ड्रायव्हर तुझ्या सात पिढ्या काढतोय. चिमणीकडे बघायचं. काळा धूर म्हणजे कोळसा वाया. धूरच नाही म्हणजे हवा जास्त. हलका राखाडी पाहिजे. तू फोटो कुठल्या धुराचे काढतोस?"

"काळ्या," तरुण म्हणाला.

"म्हणजे आमच्या चुकांचे," अण्णा म्हणाले.

एवढ्यावर सुटका नव्हती. बॉयलरची काच, तिच्यातलं पाणी, ते फार खाली गेलं तर भट्टीच्या छतातला शिशाचा प्लग वितळणार, वाफ आगीवर येणार, गाडी जागच्या जागी ठप्प आणि ड्रायव्हर-फायरमन दोघांच्या हातात चार्जशीट. दौंड-मनमाडच्या एकेरी मार्गावर तर वेगळीच कसरत. वेताच्या कड्याला चामडी पिशवी, पिशवीत टोकन. स्टेशनातून गाडी न थांबता जायची आणि फायरमनने बाहेर झुकून जुनं कडं टाकायचं, नवं दंडावर झेलायचं. दंड काळानिळा. टोकन हुकलं तर गाडी थांबवून मागे पळत जायचं. आणि एवढं करून शंभर किलो कोळशातला सहा-सात किलोच गाडी ओढायच्या कामी येणार, बाकीचा आकाश तापवायला. "या धंद्याला कविता म्हणतोस?"

तरुण शेव झटकत गेला. दुसऱ्याच आठवड्यात पलीकडचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आले. त्यांनी हा प्रसंग ऐकलेला, म्हणून सावधपणे म्हणाले, "बरं झालं बुवा ती इंजिनं गेली. घाण, धूर, सगळी नासाडी." अण्णांनी कप खाली ठेवला.

"नासाडी? १९६०-६१ साली देशात कोळशाची इंजिनं १०,३१२ होती. डिझेलची १८१, विजेची १३१. देश काय तुमच्या बँकेने ओढला?" मग कोळशाच्या इंजिनाची थोरवी सुरू झाली. ते आजारी पडायचं तर आधी सांगून पडायचं, ठोका चुकायचा, सांध्यातून वाफ सुटायची. हातोडा, पाना आणि थोडी तार असली की शेडपर्यंत आणता यायचं. आताच्या इंजिनात पडद्यावर बिघाडाचा नंबर उमटतो. नंबर वाचायचा आणि फोन लावायचा. "आम्ही इंजिनाशी बोलायचो, हे कस्टमर केअरशी बोलतात."

यातच भरिताचा विषय निघतो. खानदेशी माणूस इंजिनावर चढला म्हणून वांग्याला विसरत नाही. गाडी कुठल्या तरी साइडिंगला मेलची वाट बघत उभी असली की फावडं धुवायचं, त्याच्यावर दोन-तीन हिरवी भरताची वांगी ठेवायची आणि भट्टीच्या दारात धरायची. आत घालायची नाहीत. आत घातलं तर वांग्याचा थेट कोळसा. दारातल्या धगीवर साल तडकते, देठाशी पाणी सुटतं, मग उलटवायची. त्यावर कच्चा लसूण, हिरव्या मिरच्या, तेल, डब्यातली भाकरी. "असं भरीत जगात कुठे झालं नाही आणि होणार नाही," अण्णा सांगतात. आतून माईंचा आवाज येतो, "म्हणूनच घरी आल्यावर माझं जेवण जायचं नाही." माझं स्वतःचं मत असं की अण्णांच्या सगळ्या इंजिनप्रेमाचा पाया हे भरीत आहे, पण ते बोलून दाखवायची माझी हिंमत नाही.

बदल आला तो एका दिवसात आला नाही. मुंबईत विजेची गाडी १९२५ सालीच धावली होती, १९३० च्या आत-बाहेर मुंबईहून वर चढणाऱ्या दोन्ही घाटांत तारा गेल्या होत्या. म्हणजे इगतपुरीपर्यंत वीज आणि पुढे कोळसा, असं कितीतरी वर्षं चाललं. साठच्या दशकात अमेरिकेतून डिझेल इंजिनं आली, मग वाराणशीला बनायला लागली. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० मध्ये ब्रॉडगेजचं शेवटचं कोळशाचं इंजिन बाहेर काढलं आणि त्याला नाव दिलं 'अंतिम सितारा'. अण्णांना हे नाव अजिबात पसंत नाही. सिनेमाच्या पाटीवर ठीक, म्हणतात. पुढची पंचवीस वर्षं जुनी इंजिनं मरतमरत धावली. ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर गाडी गेली आणि ब्रॉडगेजवरची कोळशाच्या इंजिनांची नेहमीची वाहतूक संपली. ती बातमी वाचून अण्णा "सुटलो" म्हणाले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. वास्तविक स्वतः ते केव्हाच सुटले होते. फायरमनांना शिकवून डिझेल असिस्टंट केलं, तेव्हाच त्यांचं फावडं गेलं होतं.

हे फावडं जाणं त्यांना बाधलं ते हातांमुळे. नव्या इंजिनात बसायला खुर्ची, समोर काच, आणि दोन्ही हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं हे कुठल्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. पुढे विजेच्या इंजिनावर आणखी एक यंत्र आलं. ड्रायव्हरने साधारण मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग घंटी वाजते, आणि तरीही दाद दिली नाही तर गाडी आपोआप ब्रेक लावते. झोपला नाहीस ना, हे बटण दाबून दर मिनिटाला सिद्ध करायचं. "फावडं मारणारा माणूस झोपतो काय?" या यंत्रावर अण्णांचा राग आहे, पण पद्धत त्यांनी उचलली. गोष्ट सांगताना दर मिनिटाला ते ऐकणाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारतात. तुम्ही 'हं' म्हणायचं. 'हं' आलं नाही तर दुसरी थाप जोरात, आणि तिसऱ्या वेळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

वंदे भारतचा प्रवास मी त्यांच्या शेजारी बसून केलेला आहे, त्यामुळे माझा डावा गुडघा या विषयातला जाणकार आहे. शिर्डीची गाडी, नाशिकला उतरायचं. कसारा घाटाचा चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर जाते. तिथे गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावायची रीत. कसाऱ्याच्या अलीकडेच अण्णांनी मला बजावलं, "आता धक्का बसेल बघ, बँकर लागला की." कसारा मागे पडलं. धक्का बसला नाही. या गाडीच्या मोटारी डब्यांखालीच वाटलेल्या, तिला मागून कुणाची गरज नाही. बोगदे गेले, दऱ्या गेल्या, लोक मोबाईलवर दऱ्यांचे फोटो काढत होते, अण्णा दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरून धक्क्याची वाट बघत होते. इगतपुरी मागे गेल्यावर त्यांनी हात सोडले आणि म्हणाले, "ही शुद्ध फसवणूक आहे."

परतताना मी त्यांना माहिती पुरवली, म्हणजे चूल पेटवली, की आताची इंजिनं उतारावर ब्रेक लावताना वीज तयार करून तारेत परत पाठवतात. अण्णांना हे ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून ऐकणं त्यांना सहन झालं नाही. "परत पाठवतात! आयुष्यभर इतका कोळसा भट्टीत घातला, एक ढेकूळ तरी परत आलं का?"

या सगळ्याला घरात तोडीस तोड उत्तर देणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे नात. ती असिस्टंट लोको पायलट आहे, म्हणजे अण्णांच्या हिशोबाने फायरमन. बाईमाणसाने इंजिनावर चढण्याबद्दल अण्णांनी सुरुवातीला जे बोलायचं ते बोलून पाहिलं. नातीने साताऱ्याच्या सुरेखा यादवांचं नाव घेतलं. त्या मध्य रेल्वेत ड्रायव्हर झाल्या तेव्हा अण्णा नोकरीतच होते आणि १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, हे पेपरात अण्णांनीच मोठ्याने वाचलं होतं. "त्यांना फावडं मारावं लागलं नाही," अण्णा पुटपुटले. "आजी तुमचे कपडे धुताना काय पिसं उचलत होती?" नात म्हणाली. स्वयंपाकघरात काहीतरी समाधानाने आपटल्याचा आवाज झाला. बहुतेक इंजिनांत अजून संडास नाही, अशी तिची तक्रार आहे. ही तक्रार अण्णांना मान्य आहे. "आमच्या वेळी नव्हता" एवढं म्हणून ते थांबतात, आणि अण्णा थांबले म्हणजे मान्यच.

आता नवा पेच असा. पूर्वी ड्यूटी लागली की शेडमधून कॉलबॉय यायचा. रात्री दोन वाजता कंदील घेऊन, सायकलवर. दार बडवून फायरमनला उठवायचा, वहीत वेळ घालून सही घ्यायचा, आणि सही झाल्याशिवाय हलायचा नाही, कारण उठून परत झोपणाऱ्यांची एक वेगळी जमात होती. त्या बडवण्याने अख्खी चाळ जागी व्हायची, कुणाचा नवरा कुठल्या गाडीवर चालला ते सगळ्यांना कळायचं. आता नातीला मोबाईलवर मेसेज येतो आणि ती गजर लावून आपली आपण उठते. यावर अण्णांचा विश्वास नाही. गजराच्या आधी ते स्वतः उठतात, तिच्या खोलीचं दार बडवतात, "कॉल! कॉल!" म्हणून ओरडतात. आमच्या गल्लीत चार घरांचे दिवे लागतात. अण्णांनी दोनशे पानी वही आणली आहे, पट्टीने रकाने आखलेत: तारीख, गाडी, वेळ, सही, शेरा. नात डोळे चोळत सही करते.

गेल्या आठवड्यात तिने शेऱ्याचा रकानाही भरला. 'कॉल अकरा मिनिटं उशिरा मिळाला.' अण्णा दोन दिवस खुलासा लिहीत बसले होते.