दीडशे घोडे आणि एक डबा

२००४ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. तेव्हा अशी गाडी म्हणजे हौशी माणसाचं प्रकरण होतं. आज चाकणला तयार होणाऱ्या कुशाक, स्लाव्हिया, व्हर्टस या गाड्या दीड लिटरच्या इंजिनातून तेवढेच दीडशे घोडे काढतात आणि त्या कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर दिसतात. वेगवान गाडीचं इंजिन गावात आलं. तिचं ऑइल कोणतं, हे ज्ञान मात्र अजून वाटेत अडकलं आहे.

औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर गाव घ्या. पूर्णा नदीवर वर येलदरीचं धरण आणि खाली सिद्धेश्वरचं, १९६८ सालचं. कालव्याच्या पाण्यावर वसमतपर्यंत हळद आणि ऊस पिकतो. पीक चांगलं निघालं की टर्बोची गाडी घ्यावी असं घरातल्या पोराला वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण अधिकृत वर्कशॉप गाठायचं तर हिंगोली, परभणी नाहीतर नांदेड. ऐन पेरणीत डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लागला, तर हाताशी असतं ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४०. आणि तेच ओतलं जातं.

हे थांबवा. ट्रॅक्टरचं ऑइल वाईट नसतं, ते वेगळ्या कामाचं असतं. डिझेलची काजळी धरून ठेवायला आणि आम्ल मारायला त्यात कॅल्शियमयुक्त डिटर्जंट भरपूर घातलेला असतो. लहान टर्बो पेट्रोल इंजिनाला नेमका तोच बाधतो. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं पडलं, म्हणजे वरच्या गिअरमध्ये चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला, की ऑइल आणि पेट्रोलचा मिसळलेला थेंब स्पार्क पडायच्या आधीच पेट घेतो. एका दणक्यात पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांमधली कड तुटू शकते. या दुखण्यासाठीच अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मे २०२० पासून एसपी ही प्रत आणली. त्या ऑइलांत बऱ्याच कंपन्यांनी कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं. डब्यावरची एसपी ही दोन अक्षरं पिस्टन वाचवतात, म्हणून ती वाचायची.

आता सल्ले देणाऱ्यांकडे वळू. ते दोन आहेत आणि दोघेही छातीठोक बोलतात.

पहिला गॅरेजचा. ‘भाऊ, आपल्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीसला जातो. पातळ ऑइल टिकत नसतं, जाड टाका.’ मराठवाड्यात हा सल्ला इतक्यांदा दिला जातो की त्याला कुणी पुरावाच मागत नाही. पुरावा त्याच्या विरोधात आहे. इंजिन तापलं की ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर काम करतं, बाहेर डिसेंबर असो वा मे. तापमान आवरायला रेडिएटर आणि थर्मोस्टॅट असतात. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना ६० ते ७० सेंटिस्टोक घट्ट असतं आणि १०० अंशांना ते १० ते १२ वर येतं. म्हणजे भर मे महिन्याच्या दुपारी उभी असलेली गाडी सुरू करता तेव्हाही ऑइल इंजिनाला हवं त्याच्या पाच-सहा पट घट्ट असतं. आपलं ऊन ऑइलच्या लेखी गारठाच आहे. डिसेंबरात परभणीचा पारा एक आकड्यावर येतो, तेव्हाची सकाळ तर विचारूच नका. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा टर्बोचा दांडा त्या पहिल्या क्षणांत ऑइलची वाट पाहत असतो. त्याच्यापर्यंत लवकर पोचेल ते ऑइल त्याच्या कामाचं.

आणि ‘तीस म्हणजे पातळ’ हेही अर्धवट. ऑइलची खरी परीक्षा १५० अंशांना, बेअरिंगमध्ये चिरडलं जाताना होते. तिथे साध्या ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद घट्टपणा लागतो आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५. पण युरोपातल्या कंपन्यांच्या एसीईए सी३ या दर्ज्यात बसणाऱ्या ५डब्ल्यू-३० लाही किमान ३.५ लागतो. बाहेरून तीस, आतून चाळिशीची ताकद. नुसता ग्रेडचा आकडा पाहून ऑइल घेणारा माणूस अर्धाच डबा वाचतो.

याचा अर्थ जाड ऑइल कधीच चालत नाही असा नाही. काही पुस्तिकांत दोन-तीन ग्रेड दिलेले असतात आणि बाहेरच्या तापमानाचा तक्ताही असतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने तासन्‌तास जाणाऱ्याने त्या तक्त्यातला वरचा ग्रेड निवडला तर शहाणपणाच आहे. तक्त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की जबाबदारी तुमची.

दुसरा सल्लागार शोरूमचा. ‘सर, आमचंच ऑइल घाला, बाहेरचं घातलं तर वॉरंटी जाईल.’ हे वाक्य धाक घालायला रचलेलं आहे. गाडीची कंपनी स्वतः ऑइल गाळत बसत नाही. ऑइलवाल्याकडून ते बनून येतं, त्यावर हिचं नाव छापलं जातं. इंजिनाला नाव कळत नाही, त्याला मिश्रण कळतं. त्या मिश्रणाची ओळख म्हणजे पुस्तिकेत छापलेला मान्यता क्रमांक. फोक्सवॅगन समूहाचे ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ००. मर्सिडीजचे २२९.५, २२९.५१, २२९.५२. बीएमडब्ल्यूचे लाँगलाइफ-०१ आणि ०४. पोर्शचा ए४०. एकाच समूहाचे क्रमांकही एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत. ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० ऑइल आहे, ओळखू यावं म्हणून त्याला हिरवा रंग देतात, आणि त्यासाठी न घडवलेल्या जुन्या इंजिनात ते ओतायचं नसतं. नवीन ते चांगलं, महाग ते चांगलं, हे दोन्ही इथे लागू नाही.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. डब्याच्या मागे हे क्रमांक दोन प्रकारे छापलेले असतात. एका डब्यावर क्रमांकासोबत ‘अप्रूव्हल’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे ऑइलवाल्याने नमुना दिला, गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या चाचण्या झाल्या आणि तिने मान्यता दिली. दुसऱ्यावर ‘मीट्स’ नाहीतर ‘रेकमेंडेड फॉर’ असतं. तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा. ऑइल कदाचित उत्तमही असेल, पण वॉरंटीच्या भांडणात दावा आणि मान्यता यांचं वजन सारखं नसतं. मर्सिडीज तर मान्यता दिलेल्या ऑइलांची यादी उघड प्रसिद्ध करते, फोनवर पाहता येते. दुकानात उभं राहून दोन मिनिटं खर्च करा.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या, जवळपास ६५ कोटींची खरेदी. मराठवाड्याने ती बातमी अभिमानाने सांगितली आणि सांगावीच. पण गाडी घेण्याचा जेवढा गाजावाजा आपण करतो, तेवढा वेळ तिची पुस्तिका उघडायला देत नाही. नव्या गाडीला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात तशीच. मला याची खरीच चीड येते. कारण वॉरंटी कशाने जाते ते तिथेच छापलेलं असतं आणि आपण ते सल्ला म्हणून दुसऱ्याला विचारत फिरतो.

त्या पुस्तिकेतली एक ओळ गावाकडच्या गाड्यांना फार महागात पडते. ऑइल बदली ‘इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’. आपण फक्त किलोमीटर पाहतो. शेतातून घरी, घरून औंढ्याला, असं करत वर्षात चार हजारच भरतात, मग ‘दहा हजार होऊ द्या’ म्हणून दुसरं वर्षही जातं. ऑइल डब्यात टिकतं, इंजिनात नाही. जवळच्या फेऱ्यांत ते पुरतं तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल आणि बाष्प त्यात साचत राहतं. शिवाय धूळ आहेच. धूळ, जवळच्या फेऱ्या, जास्त ओझं यांना पुष्कळ पुस्तिका ‘कठीण वापर’ म्हणतात आणि बदली लवकर करायला सांगतात. आपल्या शिवारातला रोजचा वापर म्हणजे हेच तिन्ही. इथे बदली चुकवली आणि कंपनीने वॉरंटी नाकारली तर ती तिच्या जागी बरोबर असते.

मग सिद्धेश्वरच्या गाडीवाल्याने करायचं काय? वॉरंटी चालू असेतो ऑइल बदली अधिकृत वर्कशॉपमध्येच करावी, हे माझं स्पष्ट मत. त्यांचा धाक खरा आहे म्हणून नव्हे, पुढचा वाद वाचतो म्हणून. पण तिथेही मान डोलावून बसू नका. कोणत्या क्रमांकाचं ऑइल ओतलं ते जॉब कार्डवर आणि बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहिलेलं बिल परत करा. आणि त्याच क्रमांकाचा एक लिटरचा सीलबंद डबा डिकीत ठेवा. टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मान्य केलेला असतो. महिन्यातून एकदा, सपाटीवर, पट्टी पाहा. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही घातक आहे.

डबा पक्क्या बिलावर घ्या, सील तपासा, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका, नाहीतर तोच भरून पुन्हा विकला जातो. ‘इंजिन नव्यासारखं होईल’ म्हणून विकली जाणारी बाटली ओतू नका, बहुतेक पुस्तिका तिला सरळ मनाई करतात. आणि ज्याने संगणकावरून इंजिनाचं मॅपिंग बदलून घोडे वाढवून घेतले आहेत त्याने ऑइलवरून वॉरंटी जाईल ही काळजी करणं सोडावं. फोक्सवॅगन समूहात तर बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नोंदीवर टीडी१ हा शेरा बसतो, आणि मग इंजिनाबद्दल कुणी ऐकून घेत नाही.

घरात बुलेट किंवा ड्यूकसारखी मोटारसायकल असेल तर गाडीचं उरलेलं ऑइल तिच्यात जिरवू नका. तिथे क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं नसेल तर तो घसरू लागतो.

आता कायदा. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ‘आमच्याच नावाचा माल वापरा, तरच वॉरंटी’ ही अट घालायला मनाई केली, तो माल फुकट दिला तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे असा थेट कायदा नाही. पण भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा बाजार त्यांनी बांधून ठेवला होता, हा ठपका. त्याच आदेशात असंही सांगितलं की बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेलं, काही कंपन्यांचा दंडही घटला. म्हणून हा आदेश खिशात ठेवून बेफिकीर व्हावं अशी स्थिती नाही. पण त्यातला मुद्दा उचलायचा आणि वर्कशॉपच्या टेबलावर ठेवायचा.

इंजिन बसलं आणि ‘बाहेरचं ऑइल, वॉरंटी नाही’ असं ऐकावं लागलं, तर आवाज चढवू नका. कागद मागा. कोणता भाग निकामी झाला, ऑइलमुळेच झाला हे कोणत्या तपासणीवरून ठरवलं, हे लेखी द्या म्हणा. आपला डबा, बिल आणि मान्यता क्रमांक त्यांच्यासमोर ठेवा. चेंबरमधल्या ऑइलचा नमुना दोघांच्या सहीने सील करून घ्या, कारण एकदा ते सांडून गेलं की वाद नुसता तोंडी उरतो. लेखी द्यायला तयार नसतील तर आपली मागणी ईमेलने पाठवा आणि पोच जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात खेटे घालायला नकोत. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ती वर्कशॉपच्या ‘बघतो, कळवतो’मध्ये संपू देऊ नका.