कोऱ्या पानाचं इतिवृत्त

सोसायटीच्या वार्षिक अहवालातलं सगळ्यांत बारकाईनं वाचलं जाणारं पान कोणतं? कोरं पान. ताळेबंद लोक चाळतात. मागील सभेचं इतिवृत्त ‘वाचले असे समजण्यात यावे’ म्हणून कायम होतं. सिंकिंग फंडाच्या परिशिष्टाकडे तर खजिनदारही दुसऱ्यांदा बघत नाहीत. पण आठव्या पानावर काहीच नसलं, की त्या ‘काहीच नाही’वर अख्खी सर्वसाधारण सभा तुटून पडते.

ठाण्याच्या पुढच्या एका सोसायटीत यंदा हेच झालं. नाव लिहीत नाही. तिथे मला अधूनमधून गाडी लावायची असते. सेक्रेटरींनी अहवाल गूगल डॉक्समध्ये तयार केला होता. त्यातलं आठवं पान कोरं निघालं. अगदीच कोरं म्हणता येणार नाही. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली ‘पान 8’, म्हणजे हेडर-फूटर रीतसर जागेवर. मधे फक्त मजकूर नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त लेखापरीक्षक उभे राहिले आणि म्हणाले, “आठव्या पानावरचा खर्च कुठे गेला?”

“साहेब, ते पान चुकून आलंय,” सेक्रेटरी म्हणाले.

सभेत हे वाक्य उच्चारायचं नसतं. पान चुकून येऊ शकतं, तर पैसे चुकून जाऊ शकतात, एवढं गणित आपल्याकडे प्रत्येक सभासदाला तोंडपाठ आहे. अध्यक्षांनी घाईघाईनं तोडगा सुचवला: त्या पानावर ‘हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे’ असा शिक्का मारू, मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत असतो तसा. लेखापरीक्षकांनी चष्मा पुसला, परत लावला आणि विचारलं, “हेतू काय?”

मग सूचनांचा पाऊस. दुसऱ्या मजल्यावरचे प्रकाशक म्हणाले, यात नवल ते काय, पुस्तक फर्म्यानं छापतात, फर्मा सोळा पानांचा, मजकूर कमी पडला की मागे पानं कोरी राहतातच, तिथे आम्ही आमच्याच पुस्तकांच्या जाहिराती टाकतो. तुम्हीही लिफ्टवाल्याची घ्या. एमपीएससीचा अभ्यास करणारा बी-विंगमधला मुलगा म्हणाला, आमच्या प्रश्नपुस्तिकेत अशा पानावर ‘कच्च्या कामासाठी जागा’ असं छापलेलं असतं, तेच छापा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अनुभव ताजा असल्यामुळे या सूचनेला टाळ्या पडल्या.

एवढ्या गदारोळात, पान आलं कसं हे मात्र कुणी विचारलं नाही. आपला स्वभावच तसा. जबाबदार कोण हे आधी ठरवायचं, कारण मग सवडीनं शोधायचं. म्हणून ते काम मी इथे करतो.

मूळ मुद्दा असा की, गूगल डॉक्सच्या फाईलमध्ये मधेच उगवलेलं पान खऱ्या अर्थानं रिकामं नसतं. त्याच्यावर काहीतरी येऊन पडल्याशिवाय ते उघडतच नाही. ते काहीतरी आपल्याला दिसत नाही, एवढंच. ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स’ असा एक पर्याय आहे, किंवा सरळ कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबा, म्हणजे दडून बसलेली सगळी मंडळी चिन्हरूपानं पडद्यावर येतात: रिकामे परिच्छेद, मोकळ्या जागा, पेज ब्रेक, सेक्शन ब्रेक. ही कळ सोसायटीच्या हिशेबवहीला बसवता आली असती, तर व्यवस्थापक समितीची निवडणूक लढवायला कुणी उरलं नसतं.

पहिला संशयित एंटर. टंकलेखनाच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेली आपल्याकडची पिढी पुढे एमएस-सीआयटीही झाली. पण बोटांनी काही नवीन प्रमाणपत्र घेतलं नाही. टाइपरायटरवर खालची ओळ हवी तर दांडा ओढायचा, आणखी खाली जायचं तर आणखी ओढायचा. संगणकावर त्या दांड्याचं एंटर झालं. ताळेबंद नव्या पानापासून हवा? कर्सर नव्या पानावर जाऊन पोचेपर्यंत एंटर, एंटर, एंटर. प्रत्येक एंटरमागे एक रिकामा परिच्छेद जन्माला येतो आणि तिथेच राहतो. मग ‘सुरक्षारक्षकांचे आभार’ या दोन ओळी वर आठवणीनं वाढवल्या जातात, सगळे रिकामे परिच्छेद खाली सरकतात, ताळेबंद पानाच्या मध्यावर येऊन थांबतो, आणि खजिनदार बघतात तो हे असं. ते आपल्या परीनं आणखी काही एंटर घालतात. इलाज सोपा आहे: वरच्या मजकुराच्या शेवटच्या शब्दापुढे कर्सर नेऊन डिलीट, किंवा खालून वर येत बॅकस्पेस. आणि नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर, एकदाच. हे एकदाच फार अवघड जातं. लिफ्टचं बटणसुद्धा आपण एकदाच दाबत नाही.

दुसरा संशयित पेज ब्रेक. तो ऐन पानाच्या तळाशी घातला किंवा भीतीपोटी दोनदा घातला, की मधे पान सुटतं. त्याचा थोरला भाऊ सेक्शन ब्रेक, ‘नेक्स्ट पेज’वाला. आणि एक छुपा माणूस मथळ्याच्या आत बसलेला असतो: ओळींमधल्या अंतराच्या मेनूत ‘ॲड पेज ब्रेक बिफोर’ ही खूण चालू असली, की तो मथळा प्रत्येक वेळी नवं पान मागतो. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण तिथे खोडण्यासारखं काही नसतंच. ती खूण काढली की संपलं.

तिसरा संशयित मात्र खरा बिलंदर, आणि आठव्या पानामागे तोच होता. सातव्या पानावर ताळेबंदाचा तक्ता होता, पानाच्या तळापर्यंत ठासून भरलेला. गूगल डॉक्सचा अलिखित उपविधी असा की, फाईलच्या कुठल्याही भागाचा शेवट तक्त्यावर करता येत नाही. तक्त्यानंतर निदान एक परिच्छेद उभा असलाच पाहिजे. तो रिकामा का असेना. वर जागा नसली की हा रिकामा परिच्छेद पुढच्या पानावर जाऊन उभा राहतो, आणि त्याच्या एकट्यासाठी हेडर, फूटर, पान क्रमांक असा सगळा लवाजमा मांडला जातो. बॅकस्पेस दाबून तो हलत नाही. सेक्रेटरींनी रात्रभर दाबून पाहिलं, असं त्यांच्या घरून कळलं.

तो काढता येत नाही, पण लहान करता येतो. त्याचा फाँट साइज 1 करायचा, ओळींमधलं अंतर कमीत कमी ठेवायचं, परिच्छेदाच्या आधीची-नंतरची जागा शून्य करायची. मग तो मुकाट्यानं मागे सरकतो आणि तक्त्याच्या पायथ्याशी कुणाला न दिसता बसून राहतो. माजी अध्यक्षांना सल्लागार समितीवर घेतात ते याच तत्त्वावर.

पण तक्ता तळाला भिडलाच का? इथे प्रकरण आंतरराष्ट्रीय होतं. फाईल मुळात सेक्रेटरींच्या न्यू जर्सीतल्या चिरंजीवांनी तिथे बसून उघडून दिली होती. “बाबा, तुम्ही फक्त आकडे भरा.” अमेरिकेत नवी फाईल उघडली की तिचा कागद लेटर असतो, 216 बाय 279 मिलिमीटर. आपल्याकडचा झेरॉक्सवाला ए-4 वापरतो, 210 बाय 297. या ए-4 चं मूळ 1922 सालच्या जर्मन मानकात आहे. आपण त्याच्यासोबत गेलो, अमेरिका गेली नाही. म्हणजे पडद्यावर ताळेबंद 18 मिलिमीटरनं आखूड कागदावर कोंबलेला, आणि हातात मिळणारा कागद ऐसपैस. आठव्या पानावरचा खर्च कुठे गेला, या प्रश्नाचं खरं उत्तर ‘अटलांटिकच्या पलीकडे, 18 मिलिमीटर’ असं होतं. ‘फाईल’मधून ‘पेज सेटअप’, तिथे ए-4 निवडायचं, ओके म्हणायचं. रुंदीत 6 मिलिमीटर जातात, लांबीत 18 मिळतात. असा व्यवहार बिल्डरनं आपल्याला कधी दिलेला नाही.

लेखापरीक्षकांचा इथेही आक्षेप होता. त्यांचं म्हणणं, संस्था नोंदणीकृत आहे, कागद लीगलच हवा. त्यांना नम्रपणे सांगावं लागलं की, खुद्द सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली दोन्ही बाजूंनी छापलेला ए-4 कागद स्वीकारला. त्यावर ते म्हणाले, ते न्यायालय आहे, ही सोसायटी आहे. यात ते चूक नाहीत. न्यायालयात निकाल लागतात.

एव्हाना सभेनं ‘कोरे पान निर्मूलन उपसमिती’ नेमली होती आणि पारदर्शक कारभार म्हणून तिच्या सर्व सदस्यांना फाईलमध्ये एडिटचा अधिकार दिला होता. पुढचं वर्णन थोडक्यात करतो, कारण ते कुठल्याही उपसमितीचं वर्णन आहे. एकानं समास एक इंचाचा अर्धा इंच केला. आठवं पान गेलं आणि सहामाही पाणीपट्टीचा तक्ता पाचव्या पानावर मधोमध फाटला. दुसऱ्यानं तो समास पूर्ववत केला. तिसऱ्या बाईंनी एक जादाचा पेज ब्रेक शोधून खोडला. पण त्यांच्या पडद्यावर ‘सजेस्टिंग’ चालू होतं. म्हणजे खोडलेलं खोडलं जात नाही. त्यावर रेघ येते, बाजूला त्यांचं नाव येतं आणि अधिकार असलेल्या कुणीतरी मान्यतेची टिचकी मारेपर्यंत सगळं होतं तसंच राहतं. बाईंची सूचना आजही तिथे मान्यतेच्या प्रतीक्षेत आहे. महिला सदस्यांच्या सूचनांचं काय होतं, हे गूगल डॉक्सला कुणी शिकवलं कोण जाणे.

चौथ्या सदस्यानं क्रांती केली. 2022 साली गूगल डॉक्सनं ‘पेजलेस’ नावाची सोय आणली. त्यात पानच नसतं, मजकूर एका अखंड पट्टीवर खाली वाहत जातो. पान नाही तर कोरं पान कुठून येणार? पण पेजलेस केलं की हेडर, फूटर आणि पान क्रमांकही दिसेनासे होतात. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी जे समाधान दिसलं, ते मानीव अभिहस्तांतरण झालं असतं तरी दिसलं नसतं. कारण लेखापरीक्षकांचे सगळे लेखी आक्षेप ‘पान 3 वर’, ‘पान 6 वर’, ‘पान 8 वर’ असे क्रमांकानं बांधलेले होते. एका टिचकीत ते सगळे निराधार झाले. राज्यकर्त्यांच्या हातात ही सोय अजून कशी पडली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं; किंवा पडली असेल. झेरॉक्सच्या दुकानात अर्थात कागदाला पान असतंच, आणि दुकानदार कोऱ्या बाजूचेही पैसे घेतो.

शेवटी ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडण्याची मागणी आली. कुणी, कधी, कुठे हात लावला याची ती नोंद. प्रत्येक माणसाला वेगळा रंग. क्लबहाऊसच्या टीव्हीवर ती लावली तेव्हा रंगपंचमी दिसली. एडिटचा अधिकार असलेल्यांत गेल्या वर्षी फ्लॅट सोडून गेलेले भाडेकरू होते, एक इस्टेट एजंट होता आणि पेंटिंगचं कंत्राट न मिळालेला कंत्राटदारही होता. सर्वाधिक दुरुस्त्या लेखापरीक्षकांच्या निघाल्या. सगळ्या शुद्धलेखनाच्या.

ठराव असा झाला: आठवे पान आहे त्या स्थितीत पुढील वार्षिक सभेपर्यंत कायम ठेवावे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्यानंतर वेळेअभावी ताळेबंद चर्चेविना मंजूर झाला.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकावी लागते आणि सूचना 14 पूर्ण दिवस आधी हातात पडावी लागते, म्हणजे अनेक सेक्रेटरी दरवर्षी याच सुमारास फाईल उघडून बसतात. त्यांना एकच विनंती. अहवाल छापायला देण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून कोण कुठे लपलंय ते बघा, पेज सेटअपमध्ये ए-4 आहे याची खात्री करा, आणि एडिटचा अधिकार तुमच्यापुरता आणि खजिनदारापुरता ठेवा. तिसरा कुणी मागायला आला तर त्याला ‘कमेंटर’ करा. सभेतही तो तेवढंच करणार आहे.